गाडी कोण चालवत होतं

"मॅडम, मला दंड झाला होता, त्याचा कागद पाहिजे."

मन्मथ अमेरिकेतून बोलत होता. मी परभणीच्या कोर्टात माझ्या टेबलाशी उभी होते. हातात दुसऱ्याच केसची फाईल, पुढची तारीख घ्यायची घाई. मला वाटलं, आवाज तुटतोय.

"दंड माफ झाल्याचा?"

"नाही मॅडम. झाल्याचा."

मी फाईल खाली ठेवली.

ट्रॅफिकच्या केसेस हे माझं रोजचं काम. चलान मिटवा, गाडी सोडवून द्या, दंड कमी करा, नाव येऊ देऊ नका. असलीच कामं घेऊन माणसं येतात. पोलिसांच्या कागदात माझं नाव शोधून द्या म्हणणारा हा पहिलाच.

मन्मथचं घर पालमचं. वडील वारले तेव्हा वारसाची नोंद करायचं काम मी केलं होतं, तेव्हापासूनची ओळख. घरात माय आणि थोरला भाऊ शिवहार. मन्मथ इंजिनिअर होऊन तिकडं गेला, नोकरीला लागला, मग ग्रीन कार्ड मिळालं. म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी. आता तो नागरिकत्वाचा अर्ज भरत होता. त्या अर्जात एक प्रश्न असतो. जगात कुठंही, आयुष्यात कधीही, पोलिसांनी तुम्हाला पकडलं का, अडवून दंड केला का? या प्रश्नाशी आल्यावर मन्मथला परभणीतला एक चौक आठवला.

त्याच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. सकाळची एसटी चुकली. मामाची मोटारसायकल मागून आणली. मन्मथ चालवत होता, शिवहार मागं बसले होते, कारण गाडी परत न्यायला कुणीतरी पाहिजे. लायसन दोघांकडंही नव्हतं. चौकात पोलिसांनी हात केला. गाडी ठाण्यात लागली. शिवहार म्हणाले, "तू पेपरला जा, मी बघतो." मन्मथ पळत कॉलेजला गेला. दुसऱ्या दिवशी शिवहारनी सांगितलं, कोर्टात दंड भरला, मिटलं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "नाही असं लिहून टाकलंस तर?"

मी मुद्दाम विचारलं. अशील किती पाण्यात आहे ते वकिलाला आधी बघावं लागतं.

"मग खोटं होईल मॅडम. इथला वकील म्हणतो, असल्या दंडानं अर्ज जात नाही. लपवल्यानं जातो. कागद मिळाला तर जोडा म्हणतो. न मिळाला तर मिळत नाही असा कागद आणा, आणि झालं ते लिहा."

"बरं. बघते."

"मॅडम, हे झालं की मी येणार आहे. चांगलं दोन-तीन महिने राहायला. माय वाट बघायलीय."

हे मला माहीत होतं. मन्मथ गेल्यापासून आला नव्हता. आधी व्हिसाची भीती, गेलो तर परत घेतील का. मग नोकरी बदलली. मग ग्रीन कार्ड अडकलं. वडील वारले तेव्हा त्यानं फोनवर बघितलं. माती द्यायला तो नव्हता. आता हा अर्ज. तिकडच्या वकिलानं शक्यतो हलू नका म्हटलं, की मन्मथ जागचा हलत नाही. कागदाला भिणारं घर आहे ते. मला कळतं, मीही त्यातलीच.

फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "मॅडम, व्हिडिओ चालू करून जरा बाहेर दाखवता का?"

"काय बाहेर?"

"काहीही. गेटसमोरचं."

मी फोन गेटकडं धरला. चहाची टपरी, स्टँपवाल्याचं टेबल, रस्त्यावर ऑटो. एक एसटी गेली.

"पालमची होती का?"

"दिसली नाही बाबा पाटी."

"असेल," तो म्हणाला.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मी पिंगळीला आत्याकडं राहून शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बोर्डावर नावाखाली बी.ए., एलएल.बी. हे नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय. लोक हसतात. हसू द्या. लहानपणी मी येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची, पट्टा कधी पडणार? पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. पट्टा पडला की आईवडील घरी. कुणाला नक्की माहीत नसायचं, पण कुणी 'पुढच्या हप्त्यात' म्हटलं तरी बरं वाटायचं.

म्हणून मन्मथची माय दर वेळी "कवा येतो म्हनला?" असं विचारायची, तेव्हा मला तिला उडवून लावता यायचं नाही. "कागद झाला की," मी सांगायची.

दुसऱ्या दिवशी मी नकलेचा अर्ज घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेले. नक्कल म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची खरी प्रत. तिथले क्लार्क माझ्या ओळखीचे.

"कोणतं साल?"

मी सांगितलं.

"कशाची केस?"

"लायसन नसताना गाडी चालवली."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी निजामाच्या काळातला कागद मागतेय. "मॅडम, असल्या किरकोळ केसचे कागद इतकी वर्षं ठेवले तर आम्ही बसायचं कुठं? मुदत संपली की नष्ट करतात."

"मग तसं लिहून द्या. कागद उपलब्ध नाहीत म्हणून."

"कुणाला दाखवायचंय?"

"अमेरिकेला."

त्यांनी चष्मा काढला. "आपल्या चौकातल्या चलानाचं अमेरिकेला काय पडलंय?"

"ते त्यांना विचारा. माझ्या अर्जावर पोच द्या."

पोच मिळाली. चार चकरा झाल्यावर कागदही मिळाला. त्यात एवढंच होतं, की त्या काळातल्या किरकोळ खटल्यांचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झाले आहेत.

कागद नाही म्हटल्यावर माणूस लागतो. त्या दिवशी हजर असलेल्यानं शपथेवर सांगायचं, की असं असं झालं. याला ॲफिडेव्हिट म्हणतात. हजर होते शिवहार. मी मजकूर तयार केला आणि त्यांना बोलावून घेतलं.

शिवहार आले, सोबत माय. माय पालमहून परभणीला सहसा येत नाही. गुडघे दुखतात. पण मन्मथच्या कामाला म्हणून कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, नवं लुगडं नेसून आली होती. शिवहारचा आता स्वतःचा टेम्पो आहे. लायसन कायम वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. कुणी न विचारताही ते मधून मधून खिसा चाचपतात.

"सही कुठं करायची ताई?" त्यांनी पेन घेतला.

"आधी ऐकायचं. मग सही."

माझ्या टेबलावर हा नियम आहे. सही करणारा डबल ग्रॅज्युएट असला तरी मी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवते. माझ्या वडिलांनी मुकादमाच्या कागदांवर न वाचता अंगठे दिलेले मी बघितलेत.

मी वाचायला लागले. माझा धाकटा भाऊ मन्मथ हा मोटारसायकल चालवीत असताना, मी मागे बसलो असताना, पोलिसांनी गाडी अडवली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने मन्मथ यास दंड केला व तो त्याने...

"ताई, थांबा."

मी थांबले.

"हे बदलावं लागंल."

"काय चुकलं?"

"दंड त्याला न्हाई झाला."

"मग कुणाला झाला?"

"मला."

माय कानामागं हात धरून ऐकत होती. शिवहारनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"ठाण्यात साहेबानं इचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी म्हणलं, मी. कोर्टात जजसाहेबानं इचारलं, गुन्हा कबूल हाय का? म्हणलं, हाय. झालं."

"पण का?"

"त्याला नोकरीला लागायचं होतं ना. पोराच्या नावावर केस हाय म्हणल्यावर कोण घेतंय? मी काय, घरचाच."

असं आमच्याकडं खूप होतं, हे मला धंद्यात कळलं आहे. शिकणाऱ्या पोराचं नाव कुठं येऊ द्यायचं नाही. ट्रॅक्टर त्यानं बांधाला घातला, तरी चुलता म्हणतो मी घातला. कुणी ठरवून करत नाही. घराला ते आपोआप कळतं, कुणाला कोरं ठेवायचं. एकदाच, पहिल्यांदाच, घरातून कुणीतरी शिकून पुढं चाललेलं असतं. माझ्यासाठीही कुणी काय काय अंगावर घेतलं असेल, मला ठाऊक नाही.

"आन तुझी भरती?" माय म्हणाली.

शिवहारनी पेन खाली ठेवला.

मला भरतीचं माहीत नव्हतं. मायनंच सांगितलं. शिवहारला पोलिसात जायचं होतं. बारावी झाल्यापासून रोज पहाटे गंगाखेडच्या रस्त्याला पळायचे. गावातली पोरं त्यांच्या मागं पळायची. खाकी रंगाचं कापड दुकानात दिसलं तरी हात लावून बघायचे.

"तू तर म्हनला, छाती कमी भरली," माय म्हणाली.

"गेलोच न्हाई म्या मोजायला."

"मंग?"

शिवहार माझ्याकडं बघून बोलायला लागले. मायकडं बघून त्यांना बोलता येत नव्हतं. "त्या फॉर्मात इचारलं होतं ताई. तुमाला कधी कोर्टात शिक्षा झाली का, दंड झाला का. हो लिहावं, तर घेणार न्हाईत. न्हाई लिहावं, तर खोटं. उद्या चौकशीत निघालं म्हणजे? फॉर्म पेटीत ठिवला. तारीख निघून गेली."



"मी याला रोज दूध देत होते बाई," माय मला म्हणाली. "घरात दुसऱ्या कुनाला न देता. छाती भरावी म्हनून. कमी भरली म्हनला, तवा मला वाटलं, माझ्याच हाताला यश न्हाई. इतके दिवस तसंच वाटायलं होतं."

"माय, तसं न्हवतं ते."

"मंग सांगायचं ना रं."

ती पदरानं चष्मा पुसत बसली.

शिवहारनी मग ते विचारलं, जे विचारू नये असं मला वाटत होतं. "ताई, तवा हो लिहिलं असतं तर काय झालं असतं?"

मला गोड बोलता येत नाही. ते कॉलेजात शिकवत नाहीत, आणि घरी शिकवायला कुणाला सवड नव्हती.

"लायसनच्या दंडानं सहसा भरती अडत नाही दादा," मी म्हटलं. "लपवलं तर अडते. तुम्ही लिहिलं असतं, तर फार तर एखाद्या साहेबानं बोलावून विचारलं असतं."

त्यांनी मान हलवली. दोनदा. मग खिसा चाचपला.

"बरं. धाकट्याला हे सांगू नका," ते म्हणाले.

"सांगावं लागंल. माझा अशील तो आहे. उद्या शपथ तो घेणार. त्याला दंड झाला नाही, आणि झाला म्हणून लिहिलं तर तेही खोटंच."

"दंडाचं सांगा. भरतीचं कशाला?"

भरतीचं अर्जात कुठंच येत नव्हतं. मी म्हटलं, "ठीक. भरतीचं मी काढणार नाही."

"आन माझ्यावर केस होईल का आता? तवा खोटं बोललो म्हणून."

"असल्या गोष्टीला मुदत असते. ती कधीच संपली. निवांत राहा."

"तसं झालं तरी चालंल म्हणा," शिवहार म्हणाले. "त्याचं काम व्हावं."

इतकं सगळं झाल्यावरही ते परत तेच करत होते. मला राग आला. मी म्हटलं, "दादा, आता पुरे झालं. आता जे झालं तेच लिहायचं." माझा आवाज जरा चढला असावा. शेजारच्या टेबलावरच्या वकिलांनी वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथला फोन लावला. ठरल्याप्रमाणे दंडाचं तेवढं सांगितलं. दंड तुला नाही, दादांना झाला. त्यांनी स्वतःचं नाव दिलं.



"कोणत्या महिन्यात होती मॅडम माझी परीक्षा?" त्यानं विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "उन्हाळ्यात. भरती निघाली पावसाळ्यात. त्यानंतर दादा पळायला गेला नाही. पोरं म्हणाली, मोजायलाही आला नव्हता."

मी ॲफिडेव्हिटचा मजकूर पुढं ओढला.

"म्हणून नाही भरला का त्यानं फॉर्म?"

मी शब्द दिला होता, की भरतीचं मी काढणार नाही. काढलं नव्हतं. पण विचारल्यावर खोटं सांगेन, असा शब्द दिला नव्हता.

"हो," मी म्हटलं.

"मी त्याला भित्रा म्हणलो होतो मॅडम. सगळ्या पोरांसमोर. मोजायलाच भेलास म्हणलो. त्यानं ऐकून घेतलं."

मग म्हणाला, "लिहा. जसं झालं तसं सगळं लिहा. गाडी मी चालवत होतो हे पहिल्या ओळीत घ्या."

पहिल्या ओळीत घेतलं. त्यानं त्याच्या बाजूचं लिहिलं, शिवहारनी त्यांच्या बाजूचं. मी मोठ्यानं वाचलं, शिवहारनी सही केली. भाषांतर करून, शिक्के घेऊन सगळं स्कॅन करून पाठवलं. त्या दिवशीही मन्मथनं गेट दाखवायला लावलं. टपरीवर गर्दी होती. "तो पत्रा नवा टाकला का?" त्यानं विचारलं. मी रोज तिथं चहा पिते, मला पत्र्याचं माहीत नव्हतं. बघितलं, तर खरंच नवा होता.

मग वाट बघणं. यात वकिलाला काही काम नसतं. माय फोन करायची. "कवा येतो म्हनला?" मी म्हणायची, मुलाखत व्हायची आहे. मग म्हणायची, तारीख आली आहे. एकदा मी कंटाळून "पुढच्या हप्त्यात कळंल" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पिंगळीच्या आत्याचं अंगण आठवलं.

मुलाखत झाली. मन्मथनं त्या दिवशी फाईल नेली होती, माझे सगळे कागद त्यात खुणा लावून. ऑफिसरनं अर्ज चाळला. त्या प्रश्नापाशी थांबला.

"दारू प्यायला होता?"

"नाही."

"कुणाला लागलं होतं?"

"नाही."

ऑफिसरनं पुढचं पान उलटलं. कागद बघायला मागितलेच नाहीत. माझ्या चार चकरा, क्लार्कचा चष्मा, मायचं नवं लुगडं, सगळं त्या फाईलमध्ये तसंच राहिलं. वकिली अशीच असते. तयारी केलेली बहुतेक कुणी विचारत नाही.

काही आठवड्यांनी नागरिकत्वाची शपथ झाली. मी मायला फोन करून सांगितलं.

"झालं ना त्याचं? मंग निघाला का?"

"अजून नाही माय. तो आता तिकडचा झाला. इकडचा पासपोर्ट परत द्यावा लागतो. मग इकडं यायला वेगळं कार्ड काढावं लागतं."

"माझ्या घरी यायला?"

"हो."

"कोन देतंय ते कार्ड?"

"आपलंच सरकार."

"मंग त्यांना सांगा की," ती म्हणाली, "आमचाच हाय म्हनून."

कार्ड आलं. मन्मथ आला.

एका सकाळी दोघं भाऊ माझ्या टेबलाशी उभे. मन्मथच्या हातात पेढ्यांचा पुडा. फोनमध्ये दिसायचा त्यापेक्षा बारीक आणि केस पिकलेला. पेढे देण्याआधी तो गेटसमोरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन आला होता. त्याचं आणि शिवहारचं काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. दोघं शेजारी बसले होते आणि एकमेकांशी फार बोलत नव्हते. शिवहारनी एक पेढा उचलून त्याच्या हातावर ठेवला, तेवढंच.

"ताई, एक काम हाय," शिवहार म्हणाले. "गावातली तीन पोरं भरतीला बसायलीत. एकाला हेल्मेटचं चलान हाय. फॉर्म भरू का नको म्हणतंय."

"भरायचा."

"मी तेच म्हणलं. पण तुमी सांगा. तुमचं ऐकंल."

पोरगं आलं, मी सांगितलं. तेव्हापासून भरती निघाली की पालमकडची पोरं माझ्याकडं येतात, शिवहारच्याच टेम्पोत बसून. सगळ्यांना एकच सांगते. फॉर्ममधला प्रश्न भिववायला नसतो. त्याच्यापुढं जागा सोडलेली असते, ती लिहायला असते. आणि सही करायच्या आधी मोठ्यानं वाचा. एवढ्यासाठी मी फी घेत नाही.

त्या दिवशी निघताना मी दोघांना गेटपर्यंत सोडायला गेले. ते मोटारसायकलवर आले होते. मन्मथनं जुन्या सवयीनं किल्लीसाठी हात पुढं केला.

"लायसन?" मी विचारलं.

"इथलं संपलं मॅडम."

"मग?"

त्यानं हात मागं घेतला. शिवहारनी खिसा चाचपला, किक मारली. मन्मथ मागं बसला आणि त्यानं थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी चौकाकडं गेली. तिथं पोलीस उभा होता, पण त्यानं हात केला नाही. केला असता तरी चाललं असतं. गाडी शिवहार चालवत होते. कुणी विचारलं असतं, तर मी साक्ष दिली असती.